उन्हाळ्यातील हायब्रिड मोटार आणि तिच्या विजेचा जमाखर्च

रोहिणी नक्षत्रात सूर्याचा प्रवेश झाला की विदर्भात नवतपा सुरू होतो, आणि मे महिन्याच्या त्या अखेरच्या आठवड्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर, ब्रह्मपुरी या ठिकाणी पारा ४५ अंशांच्या पुढे सरकला तर तेथील माणसाला त्याचे नवल वाटत नाही. नवल वाटते ते निराळ्याच गोष्टीचे. ज्यांनी अलीकडे मोठ्या हौसेने आणि बरीच पदरमोड करून हायब्रिड मोटार घेतली, त्यांना असे आढळून येते की माघ-फाल्गुनात शहरात लिटरमागे बावीस किलोमीटर सहज चालणारी गाडी आता पंधरा-सोळावर येऊन थांबली आहे. शिवाय सिग्नलपाशी जिने इंजिन बंद ठेवून निमूटपणे उभे राहावे, ती दर काही मिनिटांनी आपण होऊन इंजिन सुरू करते आहे. मग बॅटरी खराब झाली की काय, अशी शंका मनात डोकावते. स्नेहीसोबती एसी बंद ठेवून काचा उतरवण्याचा सल्ला देतात. आणि लग्नसराईच्या त्या दिवसांत वृद्ध आईवडिलांना व लहान मुलांना घेऊन निघालेला गृहस्थ थोड्याशा पेट्रोलासाठी सर्वांना घामाघूम करीत भर दुपारचा प्रवास करतो. हा सल्ला माणसांना जाचक आहेच, पण गाडीलाही तो मानवणारा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते कसे, हे नीट उलगडून सांगावे व त्याबरोबर उन्हाळ्यात खरी बचत कोठे करता येते याचीही फोड करावी, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम या गाडीच्या अंतर्गत व्यवस्थेकडे पाहू. नेहमीच्या पेट्रोल मोटारीत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाला पट्ट्याने जोडलेला असतो. इंजिन फिरते तोवर तो फिरतो, इंजिन थांबले की तोही थांबतो. टोयोटा कंपनीने १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्रियस ही मोटार विक्रीस आणली, तेव्हा तिच्यातही पट्ट्यावर चालणाराच कॉम्प्रेसर होता, आणि त्यामुळे अखंड थंडावा हवा असल्यास इंजिन थांबवण्याच्या लाभावर पाणी सोडावे लागे. २००३ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये ही अडचण दूर झाली. कॉम्प्रेसरला स्वतःची विद्युत मोटर मिळाली, ती मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या विजेवर चालू लागली, आणि इंजिन बंद असतानाही गाडी थंड राहू लागली. आज आपल्या रस्त्यांवर इनोव्हा हायक्रॉस, हायरायडर व ग्रँड व्हिटारा यांच्या स्ट्राँग हायब्रिड आवृत्त्या आणि होंडा सिटीची हायब्रिड अशा ज्या मोटारी दिसतात, त्यांत हीच व्यवस्था आहे. ज्यांना माइल्ड किंवा स्मार्ट हायब्रिड म्हणतात त्या गाड्यांची गोष्ट निराळी. त्यांचा कॉम्प्रेसर अद्याप पट्ट्यावरच फिरतो, सिग्नलला इंजिन थांबले की झोतातून नुसता वारा येऊ लागतो आणि आतील गारवा ओसरला की इंजिन पुन्हा सुरू होते. त्या गाड्यांच्या मालकांना या लेखातील सावलीविषयीचा मजकूर जसाच्या तसा लागू पडेल. बाकीचा तारतम्याने घ्यावा.

आता हायब्रिड मोटारीत दोन बॅटऱ्या असतात, हे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे, कारण उन्हाळ्यातील बहुतेक तक्रारी या दोहोंच्या कामांची गल्लत झाल्याने उद्भवतात. एक मोठी, शेकडो व्होल्टची, जी चाके फिरवते आणि एसी चालवते. दुसरी लहान, नेहमीची १२ व्होल्टची, जिच्यावर दिवे, भोंगा, एसीचा पंखा, संगीत, मोबाइलचा चार्जर आणि गाडीतील सारे संगणक चालतात. या गाडीत वेगळा अल्टरनेटर नसतो. मोठ्या बॅटरीची वीज कमी दाबाची करून लहान बॅटरीला पुरवणारा एक परिवर्तक असतो. मोठी बॅटरी भरते ती एकतर इंजिनाकडून आणि एकतर ब्रेक लावताना परत मिळणाऱ्या गतीतून. ब्रेकमधून परत आलेली वीजही मुळात पेट्रोलाच्याच जोरावर गाडीने कमावलेल्या वेगाची असते, तेव्हा घाटाचा उतार वगळल्यास गाडीतील यच्चयावत उपकरणांचा खर्च शेवटी पेट्रोलाच्याच खाती पडतो.

हा खर्च केवढा, याचा हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. हेडलाइटचे साधे हॅलोजन दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे, म्हणजे जोडी ११० वॅटची, आणि एलईडी असतील तर त्याहून पुष्कळच कमी. मोबाइलच्या चार्जरला दहा-वीस वॅट पुरतात. एसीचा पंखा पूर्ण वेगात असताना दीड-दोनशे वॅटपर्यंत जातो. कॉम्प्रेसर मात्र या सर्वांचा पाटील: उन्हात तापलेली गाडी थंड करताना तो दोन-तीन किलोवॅट ओढतो, आणि आतील हवा एकदा निवली म्हणजे साधारण एका किलोवॅटच्या आगेमागे स्थिरावतो. याचा अर्थ असा की, रेडिओ बंद करणे, चार्जर काढून ठेवणे, पडद्याचा उजेड कमी करणे या काटकसरींनी मनाचे समाधान होत असेल, पण पेट्रोलाच्या हिशेबात त्यांचा ठिपकाही दिसत नाही. उन्हाळ्यात विचार करायचा तो कॉम्प्रेसरचा.

एक लिटर पेट्रोलात सुमारे नऊ किलोवॅट-तास उष्णता असते. हायब्रिडचे इंजिन कार्यक्षम असले तरी त्यातील तिसऱ्या हिश्श्याहून फारसे अधिक चक्रगतीत उतरत नाही, आणि पुढे जनित्र व बॅटरी यांतील घट वजा जाता लिटरमागे अडीच-तीन किलोवॅट-तास वीज हाती लागते, असे धरून चालू. आता कॉम्प्रेसर तासाला एक किलोवॅट-तास घेतो. नागपुरात सीताबर्डीसारख्या गर्दीच्या भागातून ताशी वीस किलोमीटरच्या सरासरीने फिरणाऱ्या गाडीला शंभर किलोमीटर पुरे करण्यास पाच तास लागतात, म्हणजे पाच किलोवॅट-तास, म्हणजे सुमारे दोन लिटर पेट्रोल. एरवी हीच गाडी त्या अंतराला साडेचार लिटर घेत असेल, तर आता साडेसहा घेते, आणि बावीसची सरासरी पंधरावर येते. तीच गाडी समृद्धी महामार्गावर ताशी ऐंशीच्या बेताने चालवली तर शंभर किलोमीटर सव्वा तासात संपतात, एसीच्या वाट्याला अर्धा लिटर येतो, आणि वीसची सरासरी अठरावर येऊन थांबते. गाडीत बिघाड काहीही नाही. एसीचा खर्च किलोमीटरवर आकारला जात नसून घड्याळावर आकारला जातो, एवढीच यातील मेख आहे. आणि हायब्रिडचा मूळचा खर्चच थोडा असल्यामुळे ही भर तिच्यात अधिक ठळक दिसते. शहरात लिटरला दहा-बारा देणाऱ्या साध्या मोटारीतही हा बोजा पडतोच. पण मुळातला आकडाच मोठा असल्याने तो त्यात मुरून जातो आणि मालकाच्या नजरेस येत नाही.

सिग्नलपाशी इंजिन पुन्हा पुन्हा का सुरू होते, याचेही उत्तर याच हिशेबात आहे. प्रियसच्या ज्या निकेल-मेटल हायड्राइड बॅटरीवर हायब्रिड मोटारींची कीर्ती उभी राहिली, तिचा दाब २०१.६ व्होल्ट व क्षमता ६.५ अँपिअर-तास, म्हणजे एकूण साठा सुमारे १.३ किलोवॅट-तास. आपल्याकडील हायरायडर व ग्रँड व्हिटारा यांची लिथियम-आयन बॅटरी तर याहूनही लहान, पाऊण किलोवॅट-तासाच्या घरातील आहे. त्यातही बॅटरीचे आयुष्य वाढावे म्हणून संगणक तिला पूर्ण रिकामी होऊ देत नाही व पूर्ण भरूही देत नाही. साधारण चाळीस आणि ऐंशी टक्के या दोन मर्यादांमध्ये तिला खेळवीत ठेवतो. तेव्हा १.३ मधील प्रत्यक्ष वापरास मोकळा भाग अर्ध्या किलोवॅट-तासाचा, आणि अडीच किलोवॅट ओढणारा तापल्या गाडीचा कॉम्प्रेसर तो दहा-बारा मिनिटांत फस्त करू शकतो. मग तो भरून काढण्यासाठी इंजिन आपण होऊन सुरू होते; ते सुरू झाले नाही तरच काळजी करावी.

याच गणितातून पहिली व सर्वांत लाभदायक शिफारस निघते: कॉम्प्रेसरला दोन-तीन किलोवॅट ओढावे लागतील अशी परिस्थितीच शक्यतो येऊ देऊ नये. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य हे उन्हाच्या बाबतीत विदर्भाचे सख्खे भावंड शोभेल. तेथील टेम्पे या शहरात संशोधकांनी उन्हात व सावलीत उभ्या केलेल्या मोटारींची मोजमापे घेऊन २०१८ साली प्रसिद्ध केली. उन्हातील गाडीत तासाभरात आतील हवा सरासरी ४७ अंशांपर्यंत तापली, डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला, स्टिअरिंग ५३ व आसने ५१ अंशांवर. सावलीतील गाडीत हवा ३८, डॅशबोर्ड ४८ आणि आसने ४१ अंशांच्या आसपास राहिली. डॅशबोर्डात एकवीस अंशांचा फरक! हे सर्व प्लास्टिक, फोम, काच व पत्रा यांत साठलेली उष्णता बाहेर काढण्यासाठी जी वीज लागते, तिच्यापुढे रस्त्यातील आपल्या साऱ्या काटकसरी फिक्या आहेत. म्हणून कडुनिंबाखाली जागा मिळत असेल तर शंभर पावले अधिक चालावे लागले तरी गाडी तेथेच लावावी. झाड नसेल तर इमारतीची सावली दुपारनंतर कोणीकडे सरकेल याचा अंदाज घेऊन लावावी. तेही नसेल तर गाडीचे तोंड सूर्याकडून फिरवून ठेवावे व समोरच्या मोठ्या काचेला आतून चंदेरी पडदा लावावा, कारण मुख्य ऊन त्या काचेतूनच आत शिरते. हा पडदा शे-दोनशे रुपयांचा असतो आणि मला तरी उन्हाळ्यातील याहून किफायतशीर खरेदी दुसरी ठाऊक नाही. काचांना काळी फिल्म चिकटवण्याच्या मोहात मात्र पडू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या व मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेलाच पाहिजे, आणि काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली मनाई केली.

तापलेल्या गाडीत बसण्यापूर्वी चारी दारे मिनिटभर सताड उघडी ठेवावीत, किंवा एका बाजूची काच खाली करून समोरच्या बाजूचे दार चार-सहा वेळा उघडमीट करावे. पन्नास अंशांची हवा निघून जाते व तिची जागा पंचेचाळीस अंशांची बाहेरची हवा घेते. पाच अंशांचा हा फायदा वाटतो क्षुल्लक, पण तो फुकट मिळतो. मग एसी सुरू करून पंखा मोठ्यावर ठेवावा, पहिले मिनिट-दोन मिनिटे काचा थोड्या उतरलेल्या असू द्याव्यात, आणि आतील हवा बाहेरच्यापेक्षा थंड झाल्याचे जाणवताच काचा वर करून हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण दाबावे. पुष्कळ माणसे हे बटण कधी वापरीतच नाहीत आणि ४५ अंशांची नवी हवा अखंड आत घेऊन ती थंड करण्याची वेठ कॉम्प्रेसरला करायला लावतात. दूरच्या प्रवासात दर अर्ध्या तासाने थोडी बाहेरची हवा आत येऊ द्यावी, एरवी बंद हवेने चालकाला गुंगी येते.

तापमान किती ठेवावे, याविषयी घराच्या एसीचा दाखला उपयोगी पडेल. १ जानेवारी २०२० पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या घरगुती एसीत सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवण्याचा दंडक घालण्यात आला, आणि मोटारीतही २४ ते २६ हा पल्ला पुरेसा सुखावह आहे. गाडी लवकर गार व्हावी म्हणून आकडा १८ वर नेण्याची आवश्यकता नसते. स्वयंचलित एसी पहिल्या मिनिटांत पूर्ण जोर लावतोच, आणि १८ चा आकडा तसाच राहून गेला तर पुढचा सारा वेळ तो निष्कारण राबत राहतो. बहुतेक हायब्रिड गाड्यांतील इको पद्धत कॉम्प्रेसरला लगाम घालते; शहरात ती असू द्यावी, पण तापलेल्या गाडीत बाळ किंवा वृद्ध माणूस असेल तर पहिली दहा मिनिटे ती बाजूला ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही.

आता ज्या मुद्द्यासाठी मी एसी बंद ठेवण्याच्या सल्ल्याला विरोध करतो, त्याकडे वळतो. हायब्रिड मोटारीची मोठी बॅटरी बहुधा मागच्या आसनाखाली, त्याच्या पाठीमागे किंवा पुढच्या भागात आसनांच्या तळाशी बसवलेली असते, आणि तिला थंड ठेवण्यासाठी वेगळा एसी नसून एक पंखा असतो, जो प्रवाशांच्या कक्षातील हवा एका जाळीतून ओढून घेऊन बॅटरीच्या घटांवरून फिरवतो. जी हवा आपण श्वासात घेतो तीच बॅटरीलाही मिळते. आपण काचा उतरवून ४५ अंशांची लू अंगावर घेत निघालो की बॅटरीच्याही अंगावर तीच लू जाते, आणि तिच्यात तर भरण्या-उपसण्याची स्वतःची उष्णता आधीच निर्माण होत असते. बॅटरीचे तापमान मर्यादेपलीकडे चढू लागले म्हणजे संगणक तिच्यातून वीज काढण्यावर व तिच्यात वीज भरण्यावर निर्बंध आणतो. मग ब्रेकमधून मिळणारी वीज पुरती साठवता येत नाही, नुसत्या विजेवर गाडी रेंगाळत नेण्याची मुभा राहत नाही, इंजिनाला जास्त काळ राबावे लागते, आणि ज्या पेट्रोलाच्या बचतीसाठी एसी बंद केला तेच दुसऱ्या वाटेने निघून जाते. हे झाले त्या दिवसापुरते. दीर्घकाळाचे नुकसान याहून मोठे आहे. निकेल-मेटल हायड्राइड असो वा लिथियम-आयन, घटांची झीज ही एक रासायनिक क्रिया आहे, आणि तापमान दहा अंशांनी वाढले की अशा क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रातला ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. नवी बॅटरी घ्यायची वेळ आली तर तिची किंमत हजारांत नव्हे, लाखांत मोजावी लागते. त्यापुढे तासाला लिटरचा तिसरा हिस्सा ही रक्कम कसली? माणसांना सुख वाटेल इतकी हवा थंड ठेवणे म्हणजेच बॅटरीची निगा राखणे होय.

परंतु ही थंड हवा बॅटरीपर्यंत पोहोचलीही पाहिजे. तिच्या पंख्याची जाळी आसनाच्या कडेला किंवा तळाशी असते, आणि प्रवासाला निघताना नेमकी त्याच जागी उशी, चादर, पिशवी किंवा पोरांचे खेळणे कोंबले जाते. आपल्या गाडीत ती जाळी कोठे आहे हे माहितीपुस्तिकेत पाहून घ्यावे, घरातील सर्वांना दाखवून ठेवावे आणि तिच्यासमोर कसलेही सामान ठेवू देऊ नये. विदर्भ-मराठवाड्यातील धूळ आणि आसनांवरील तंतू त्या जाळीमागे साठत जातात. घरात कुत्रे असेल तर त्याचे केसही. नव्या गाड्यांपैकी कित्येकांत तेथे निघणारी गाळणी दिलेली असते, ती पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे उन्हाळ्याच्या तोंडाशी साफ करावी. आतला पंखा व त्यापुढचा भाग मात्र प्रशिक्षित कारागिराकडूनच साफ करून घ्यावा, कारण तेथे प्राणघातक दाबाची वीज असते. नारिंगी वेष्टणाच्या कोणत्याही केबलला घरच्या माणसाने हात लावू नये. मागच्या आसनापाशी एरवी ऐकू न येणारा पंख्याचा आवाज दुपारी वाढलेला ऐकू आला तर घाबरण्याचे कारण नाही, बॅटरीला वारा अधिक हवा आहे एवढाच त्याचा अर्थ. पण साधारण हवेतही तो सारखा घोंगावू लागला, तर जाळी तुंबली असल्याचे समजून चौकशी करावी.

गाडीत बसून कोणाची वाट पाहावी लागणे, ही उन्हाळ्यातली नित्याची गोष्ट आहे: रेल्वे फाटक बंद असते, रुग्णालयात गेलेले माणूस परतायचे असते, कार्यालयाबाहेर कागदपत्रांची पूर्तता चाललेली असते. अशा वेळी पुष्कळ चालक जुन्या सवयीने गाडी पूर्ण बंद करून, ब्रेकवर पाय न ठेवता, बटण एकदा-दोनदा दाबतात आणि नुसता पंखा व गाणी चालू ठेवतात. हायब्रिडच्या बाबतीत ही सवय घातक आहे. बहुतेक गाड्यांत अशा रीतीने बटण दाबल्यास फक्त लहान बॅटरी जोडली जाते; मोठी बॅटरी तिच्या मदतीला येत नाही आणि इंजिनही सुरू होत नाही. दोनशे वॅटचा पंखा म्हणजे १२ व्होल्टला सोळा-सतरा अँपिअर, आणि हायब्रिडची लहान बॅटरी साधारण पस्तीस ते पंचेचाळीस अँपिअर-तासांची. दोन तासांत तिचा निकाल लागतो. योग्य रीत अशी की ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबावे व गाडी ‘रेडी’, म्हणजे चालण्यास सज्ज करावी, गिअर पार्किंगमध्ये घालावा, हँडब्रेक लावावा आणि एसी चालू ठेवून खुशाल बसावे. लागेल तेव्हा इंजिन आपण होऊन सुरू होईल, बॅटरी भरली की आपण होऊन थांबेल, आणि तासाभराला साधारण अर्धा लिटर पेट्रोल जाईल. साधी मोटार एवढ्याच वेळात इंजिन सतत फिरवून लिटरभर संपवते. खोळंबलेल्या वाहतुकीत न्यूट्रलमध्ये उभे राहण्याची सवयही मोडावी, कारण टोयोटा पद्धतीच्या हायब्रिडमध्ये न्यूट्रलला मोठी बॅटरी भरली जात नाही. एसी तिला उपसत राहतो आणि शेवटी गाडी इशारा देऊन अडून बसते.

रेडी अवस्थेतील ही गाडी निःशब्द असते, आणि म्हणून दोन बाबतींत अत्यंत सावध राहिले पाहिजे. पहिली बाब बंदिस्त जागेची. इंजिन केव्हाही सुरू होणार हे गृहीत धरून घराच्या गॅरेजमध्ये किंवा हवा न खेळणाऱ्या तळघरात गाडी रेडी ठेवून कधीही बसू नये, व उतरताना ती बंद झाल्याची खातरी केल्यावाचून घरात जाऊ नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि रंगही नसतो. दुसरी बाब मुलांची. एसी चालू आहे, दोन मिनिटांत येतो, असे म्हणून मूल गाडीत ठेवून जाणे सर्वथा वर्ज्य मानावे. मूल एखादे बटण दाबील, गिअर हलवील. गाडी बंद पडली तर काही मिनिटांतच आतली हवा त्याच्या सहनशक्तीपलीकडे तापेल. लहान शरीर मोठ्या माणसाच्या कितीतरी आधी तापते, आणि आतून दार उघडण्याची अक्कल वा ताकद त्याच्यापाशी नसते. यात अपवाद करू नये, दुकान समोर असले तरीही.

उतारावर मात्र एसीचा हिशेब उलटा होतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे किंवा कसारा घाट उतरताना ब्रेकमधून येणारी वीज बॅटरीला वरच्या मर्यादेपर्यंत भरून टाकते, आणि त्यानंतरची वीज साठवायला जागा नसल्याने इंजिन रिकामे फिरवून गाडीला आवर घालावा लागतो. त्या वेळी एसी जितका चालेल तितका चालू द्यावा. एरवी वाया जाणाऱ्या विजेवर तो चालत असतो. महामार्गावर काचा उतरवून जाण्यात काटकसर नाही, कारण त्या वेगाला उघड्या काचांमुळे वाऱ्याचा अडथळा वाढतो व बॅटरीच्या वाट्याला लू येते ती वेगळीच. सकाळ-संध्याकाळी गल्लीबोळांतून हळू जाताना, हवा खरोखरच सुखाची असताना, काचा उतरवल्या तर उत्तम.

देखभालीपैकी एक-दोनच गोष्टी सांगतो. समोरच्या जाळीमागील कंडेन्सर किडे, धूळ व कापसाचे तंतू यांनी भरला की एसीला तोच गारवा देण्यास जास्त वीज लागते. पाण्याच्या मंद धारेने तो धुऊन घ्यावा. मोठ्या बॅटरीची वीज मोटरसाठी बदलून देणाऱ्या इन्व्हर्टरला थंड ठेवणारे कूलंट इंजिनाच्या कूलंटहून वेगळ्या टाकीत असते, हे अनेकांना ठाऊकच नसते; गाडी थंड असताना दोन्ही टाक्यांची पातळी पाहावी.

राहिली ती लहान बॅटरी, आणि नवतप्याआधी सर्वांत प्रथम तपासायची तीच. उष्णतेने तिच्यातील पाणी घटते, शिशाच्या पट्ट्या झिजतात, आणि न वापरताही ती अधिक वेगाने रिकामी होते. साधी मोटार सुरू होताना कुरकुरते आणि बॅटरी थकल्याची सूचना देते. हायब्रिडमध्ये ही सूचना मिळत नाही, कारण तेथे इंजिन फिरवण्याचे काम मोठ्या बॅटरीचे असते व लहान बॅटरीने केवळ संगणक जागे करून मोठीला जोडण्याचा हुकूम द्यायचा असतो. ती एवढेही करू शकली नाही, तर मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही. म्हणून तीन वर्षांहून जुनी बॅटरी चैत्रातच यंत्रावर तपासून घ्यावी, आणि बदलायची झाल्यास कंपनीने सांगितलेल्या प्रकारचीच घ्यावी. ती प्रवाशांच्या कक्षात बसवलेली असेल तर तिच्यातून निघणारा वायू बाहेर नेणारी नळी पुन्हा जोडली गेल्याची खातरी करावी. उभी गाडीही संगणक, कुलपे व सुरक्षा-यंत्रणा यांसाठी तीस-चाळीस मिलिअँपिअर घेत असते, म्हणजे दिवसाला पाऊण ते एक अँपिअर-तास. रात्रंदिवस चालणारा डॅशकॅम किंवा सिगारेट लायटरच्या खाचेत लावून विसरलेला छोटा शीतपेटारा असेल तर कितीतरी अधिक. सुट्टीत तीन आठवडे गावी जाताना ही जोडलेली उपकरणे काढून ठेवावीत, आणि आठवड्यातून एकदा शेजाऱ्याकडून किंवा भावाकडून गाडी मोकळ्या जागी तास-अर्धा तास रेडी करवून ठेवावी. दुसऱ्याची बंद पडलेली गाडी आपल्या हायब्रिडच्या जोरावर सुरू करून देण्याचे औदार्य पुस्तिका पाहिल्यावाचून दाखवू नये. आणि लहान बॅटरी बसली म्हणजे दारांची विजेची कुलपेही उघडत नाहीत, तेव्हा रिमोटच्या पोटात धातूची एक साधी किल्ली असते ती कशी काढायची, कोणत्या दाराला लागते, आणि बॉनेटखाली बाहेरून वीज जोडण्याचे टोक कोठे आहे, हे घरच्या गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने एकदा सावकाश, सावलीत उभे राहून पाहून ठेवावे.